खांद्यावरचं निळं

माझ्या अंगात डोकं बसवायचं देवाच्या मनात होतं, पण ऐन वेळी त्याने विचार बदलला आणि ते सगळं सामान खांद्यात भरलं. हे मी नाही म्हणत, माझी बायको सावित्री म्हणते. आणि तिचं म्हणणं खोडून काढायला जे डोकं लागतं ते मी आणू कुठून?

मी शिवा. गाव संगमेश्वरच्या आतल्या अंगाला, नोकरी रत्नागिरीत मिरकरवाड्याच्या बंदरावर, बर्फाच्या कारखान्यात. पाण्याने भरलेले पत्र्याचे लांबट डबे मिठाच्या थंडगार पाण्यात सोडायचे, गोठले की उपसायचे, आणि निघालेली लादी खांद्यावर गोणपाट टाकून बोटीपर्यंत पोचवायची. बाकीचे गडी दोघं मिळून एक लादी नेत. मी एकटा नेई, आणि वर शीळ घालत नेई. शीळ घालायची काही गरज नव्हती. पण मासळी घ्यायला आलेल्या बायका वळून बघत, आणि तेवढ्यावर माझा दिवस जाई.

गावाकडे या खांद्याला खरा भाव शिमग्यात. देवीची पालखी घरोघर फिरते, आणि आमच्याकडे ती नुसती नेत नाहीत, ढोलाच्या ठेक्यावर नाचवतात. दांडा खांद्यावर आदळतो, वळ उठतो. शिमगा सरला की वाडीतले बाप्ये आठवडाभर उघडे फिरतात. कारण विचारलं तर सांगतात उकडतंय. खरं म्हणजे ज्याचा वळ मोठा त्याने पालखी खरी नाचवली, असा आमचा न्याय आहे, आणि त्या न्यायात मी कधी हरलो नव्हतो.

त्र्याऐंशी सालच्या शिमग्यात तर मी सगळ्यांना धूळ चारली. माझा वळ मुळी वळ राहिलाच नाही. खांद्यावरून छातीवर उतरला, पाठीवर गेला, निळाजांभळा झाला. इतरांचे वळ पिवळे पडून गेले तरी माझा आपला वाढतोच आहे. आमच्या भावकीत सगळ्यांत वडील धाकूकाका. त्यांनी काठी टेकत येऊन तो निरखून बघितला आणि चारचौघांत सांगितलं की देवीने शिवावर शिक्का मारलान. झालं. दुसऱ्या दिवशी दोन म्हाताऱ्या हळदकुंकू घेऊन आल्या आणि माझ्या खांद्याला कुंकू लावून गेल्या. मीही डोळे मिटून, खांदा पुढे करून बसलो होतो. आता आठवलं की कुठे तोंड लपवू असं होतं.

मग पोटऱ्यांवर निळे डाग उठले, मांड्यांवर उठले. पालखी काय मी मांडीवर नाचवली होती? पण हा प्रश्न मला पडला नाही. तो सावित्रीला पडला.

"खांद्याचं समजलं," ती म्हणाली. "पण देवी पोटरीवर कशाला बसली?"

मी तिच्या अंगावर खेकसलो. बायकांना यातलं काय कळतं, वगैरे जे बोलायचं असतं ते सगळं बोललो. दात घासताना हिरड्यांतून रक्त यायला लागलं तेव्हा राखुंडीला शिव्या दिल्या. लादी घेऊन चालताना धाप लागायला लागली तेव्हा कारखान्याच्या मालकाला शिव्या दिल्या, म्हटलं याने डबे मोठे केले. शीळ बंद झाली. एका सकाळी बोटीच्या तोंडाशी मी लादीसकट आडवा झालो. लादी फुटली, आणि ज्या बायका माझी शीळ ऐकून वळत त्यांनी तो बर्फ गोळा करून आपल्या टोपल्यांत भरला. त्यांचं काही चुकलं नाही, उन्हाचे दिवस होते.

रत्नागिरीतल्या डॉक्टरांनी रक्त काढलं, काचेवर घेऊन बघितलं, आणि मला काही न सांगता सावित्रीला विचारलं की मुंबईला तुमचं कोण आहे. मुंबईला आमचं सगळं गाव आहे. लालबागेला गावकीची खोली आहे, तिथे वाडीतले चाकरमानी एकाला एक खेटून झोपतात. त्यांनी मला परळच्या मोठ्या हॉस्पिटलात नेऊन घातलं.

तिथे एक डॉक्टरीणबाई होत्या. बारीक चणीच्या, पण धाक असा की वॉर्डातले पंखेसुद्धा त्यांना विचारून फिरत असावेत. त्यांनी माझ्या कमरेच्या हाडात सुई घातली. एवढा मी लादी उचलणारा गडी, पण "आये गो" असा हंबरडा फोडला की शेजारच्या खाटेवरच्या म्हाताऱ्याने कानावर उशी घेतली. दुखण्याचं नाव त्यांनी कागदावर लिहून दिलं आणि तोंडानेही सांगितलं, अक्यूट मायलॉइड ल्युकेमिया. मला त्यातलं अक्यूटही कळलं नाही आणि मायलॉइडही नाही. सावित्रीने विचारलं, म्हणजे रक्ताचा कॅन्सर का? त्या हो म्हणाल्या. तिथून पुढे किती तरी वेळ मी त्यांच्या टेबलावरच्या पेपरवेटकडे बघत होतो, एवढंच मला आठवतं.

पुढच्या खेपेला त्यांनी मला एक फोटो दाखवला. हाडातला मगज काढून, वाढवून, यंत्राखाली त्याचा फोटो काढतात, आणि मग एक बाई बसून त्यातले तुकडे कात्रीने कापते आणि जोडीजोडीने कागदावर चिकटवते. गांडुळाच्या तुकड्यांसारखं काहीतरी, अंगावर पट्टे. बाई म्हणाल्या, ही गुणसूत्रं. प्रत्येक जोडीतलं एक आईकडचं, एक वडिलांकडचं. मी पहिला प्रश्न काय विचारावा? बापसाची बाजू कुठली आणि आवशीची कुठली, ते विचारलं, कारण आमच्यात मामाकडच्यांशी शेताच्या बांधावरून वाकडं आहे, आणि दोष त्यांच्याकडून आला असता तर मला बरं वाटलं असतं.

बाई हसल्या नाहीत. त्यांनी पेन्सिलीने दाखवलं की आठव्या जोडीतल्या एकाने आणि एकविसाव्या जोडीतल्या एकाने आपली शेपटी एकमेकांत बदलली आहे. बस, एवढंच. ना कुठे पू, ना कुठे गाठ. दोन शेपट्यांची अदलाबदल. मला पहिल्यांदा अपमान वाटला, खोटं कशाला सांगू? मला पाडायला निदान बैल तरी यायला हवा होता.

"शिवराम, हे तुम्ही जन्मतः घेऊन आलेला नाहीत," त्या म्हणाल्या. "तुमच्या मगजातल्या एका पेशीत हा बदल झाला. मग तिच्या दोन झाल्या, चार झाल्या, सगळ्यांत तोच बदल. त्यांनी आता चांगल्या रक्ताला जागा ठेवलेली नाही. पण तुमचं बाकीचं अंग तुमच्या आईने दिलं तसंच आहे. हे तुमच्याकडून मुलांत उतरत नाही."

हे समजायला मला माझा बर्फ उपयोगी पडला. मी म्हटलं, बाई, आमच्याकडे एखाद्या डब्याला पोचा आला की त्यातून निघणारी प्रत्येक लादी तोच पोचा घेऊन निघते, बाकीचे डबे चांगले असतात, तसं का? त्या म्हणाल्या, जवळपास तसंच, फक्त इथे प्रत्येक लादीचा पुन्हा नवा डबा होतो. मी एवढा वेळ त्यावर विचार केला की नर्सला वाटलं माझी शुद्ध गेली. आणि त्यांनी पुढे एक सांगितलं ते मी तेव्हा नीट ऐकलं नाही, सावित्रीने ऐकलं. एका पोच्यावर कधी कधी दुसरा पोचा पडतो. दुखणं गेलं आणि परत आलं, तर ते असे नवे बदल घेऊन येऊ शकतं, आणि मग ते औषधाला जुमानेल असं नाही. न लागता उठलेले निळे डाग, हिरड्यांतलं रक्त, ताप, यांतलं काही दिसलं तर लगेच या.

औषध शिरेतून दिलं. त्यातलं एक लालभडक होतं. दुसऱ्या दिवशी मी लघवीला गेलो तर सगळं लाल. मी तिथूनच ओरडत बाहेर आलो की माझं रक्त चाललं, सगळं चाललं, सावित्रीला बोलवा. अख्खा वॉर्ड उठून बसला. नर्सने शांतपणे सांगितलं की तो औषधाचा रंग आहे आणि कालच तुम्हाला सांगितलं होतं. केस गेले, मिशी गेली, तोंड आतून सोलून निघालं, ताप असा भरायचा की मी सावित्रीला आवस समजून हाक मारायचो. लालबागेच्या खोलीतले गडी पाळीपाळीने येऊन रक्त देऊन जायचे. माझ्या अंगात अर्ध्या वाडीचं रक्त गेलं, त्यात माझ्याशी बांधावरून भांडणारेही होते.

आणि मी वाचलो. कसा, ते बाईंनाच ठाऊक. पुन्हा हाडात सुई, पुन्हा हंबरडा, पुन्हा फोटो. या खेपेला आठवी जोडी सरळ, एकविसावी सरळ. औषधाचे पुढचे फेरे झाले आणि बाईंनी मला घरी सोडलं. कारखान्याच्या मालकाने लाद्या उचलायचं काम काढून घेतलं आणि मला फाटकाशी खुर्चीवर बसवलं. मी आता बर्फ जाताना बघतो. शीळ घालायला हरकत नाही, पण खुर्चीवर बसून शीळ घालणाऱ्याला लोक वेगळं काही समजतात.

गावात मात्र माझं दुखणं माझ्या आधी पोचलं होतं. भावकी देवळात बसली, आणि रक्तात दोष आला म्हणजे कुळात दोष आला असं ठरवून कोणत्या पूर्वजाने काय केलं याचा शोध सुरू झाला. धाकूकाकांनी माझ्या पणज्याने देवराईतला फणस तोडल्याचं शोधून काढलं. मी त्यांना शेपट्यांची अदलाबदल समजावली, डब्याचा पोचा समजावला. ते सगळं ऐकून घेऊन म्हणाले, मग फणस तोडायच्या आधी पणज्याने विचार करायला हवा होता.

यात हसण्यासारखं होतं ते इथवर. माझी मुलगी राही लग्नाची झाली होती. दोन स्थळं बघून गेली, पोहे खाऊन गेली, आणि दोन्हींकडून निरोप आला की पोरगी चांगली आहे पण रक्ताचं दुखणं आहे घरात. राही घरात भांडी आपटायला लागली. सावित्री गोठ्यात जाऊन रडली. मी माझ्या खुर्चीवर बसून दिवसभर मनातल्या मनात त्या दोन्ही घरांच्या सात पिढ्यांचा उद्धार केला, आणि संध्याकाळी मला कळलं की मी धाकूकाकांसारखाच वागतोय.

मग राजापूरकडचं स्थळ आलं. मुलगा एसटीच्या डेपोत फिटर, हाताची नखं काळी, बोलणं सरळ. राहीला तो आवडला. ती तोंडाने बोलली नाही, पण त्या दिवसापासून घरात भांडी आपटायची थांबली, म्हणजे आवडलाच. मुलाचा बाप भिकाजीराव. हा माणूस चहा प्यायच्या आधीच मुद्द्यावर आला. म्हणाला, तुमचं दुखणं मी ऐकलंय. ते पोरीत उतरेल का? तिच्या पोरांत?

असा तोंडावर विचारणारा पहिलाच भेटला. मला राग यायला हवा होता, पण आलं ते डोळ्यांत पाणी. मी त्यांना सगळं सांगितलं. बाईंनी दिलेले दोन्ही फोटो पुढे ठेवले, दुखण्यातला आणि बरं झाल्यानंतरचा. म्हटलं, जन्माचं असतं तर औषधाने शेपट्या जागच्या जागी आल्या असत्या का? बिघडलेल्या पेशी मेल्या, चांगल्या उरल्या, त्यांत काही खोट नाही. भिकाजीरावांनी दोन्ही फोटो उजेडात धरून कितीतरी वेळ बघितले. त्यांना काय दिसलं देव जाणे, पण मान हलली.

"गेलं म्हणजे जन्माचं नव्हे, हे पटलं मला," ते म्हणाले. "पण परत आलं तर मग मी काय समजू? तेवढं मात्र मला सांगायचं. लपवायचं नाय."

मी शब्द दिला. परत आलं तरीही ते जन्माचं ठरत नाही, हे मला बाईंनी सांगितलं होतं आणि मला सांगता आलं असतं. पण लग्न ठरत होतं, आणि ठरणाऱ्या लग्नात मध्ये बोलू नये एवढी अक्कल माझ्या खांद्यातही आहे. शहाऐंशीच्या चैत्रात, पाडव्यानंतरचा मुहूर्त निघाला.

आणि त्याआधी आला शिमगा.

मी सावित्रीच्या गळ्याला हात लावून शपथ घेतली होती की पालखीला खांदा देणार नाही. दुखण्यानंतरच्या शिमग्यांत मी ती पाळली, लांब उभा राहून टाळ्या वाजवल्या. त्या वर्षी पालखी आमच्या वाडीत आली तेव्हा सावित्री घरात ओटीचं ताट भरत होती आणि मी पाणंदीत उभा होतो. शेजारचा सदू पुढच्या बाजूला नाचवत होता. तो दमला, खांदा बदलायला माणूस बघायला लागला, माझ्याकडे बघितलंन. तेवढ्यात धाकूकाका म्हणाले, अरे त्याला नको, तो आता काचेचं भांडं झालाय.

ते मायेनेच म्हणाले असतील. पण माझं डोकं फिरलं. म्हणजे डोकं नव्हे, खांदा फिरला. मी सदूला बाजूला सारलं आणि दांड्याखाली शिरलो. ढोल वाजत होता. मी नाचलो म्हणे. मला आठवतं ते एवढंच की दांडा आदळत होता, मला धाप लागली होती आणि मी मोठ्याने हसत होतो. घराच्या वळणावर पोचायच्या आत मी पालखी सदूला परत दिली आणि सदरा झटकून, अंगणात सोवळ्या माणसासारखा उभा राहिलो.

दुसऱ्या दिवशी सकाळी खांदा निळा.

पहिल्या क्षणी माझी छाती फुगली, जुनी सवय. दुसऱ्या क्षणी मी पोटऱ्या तपासल्या. हे पालखीचं की आतलं? मागच्या खेपेला मी कुंकू लावून घेतलं होतं, माझ्या समजुतीवर मी किती विश्वास ठेवायचा? मी सदूकडे गेलो आणि इकडचं तिकडचं बोलत त्याला सदरा काढायला लावला. त्याच्या खांद्याला नुसता लाल पट्टा. माझा डाग त्याच्या दुप्पट. बर्फ उचलायचं सोडून मला तीन वर्षं झाली होती, कातडं मऊ पडलं होतं, हे आता सुचतं. तेव्हा काही सुचलं नाही. तेव्हा फक्त राही दिसली, आणि भिकाजीरावांना दिलेला शब्द.

मी बनियन घालून आंघोळ करायला लागलो. यापेक्षा दवंडी पिटली असती तरी चाललं असतं. सावित्रीने न्हाणीत येऊन सरळ बनियन वर केलं.

"पालखी," मी घाईघाईने म्हटलं.

"मागच्या खेपेलाही पालखीच होती," ती म्हणाली.

मी सदूला साक्षीला आणलं. त्याने बिचाऱ्याने शपथेवर सांगितलं की वहिनी, शिवादादाने खरंच पालखी नाचवली. सावित्री म्हणाली, मागच्या वेळी सगळा गाव साक्षीला होता. सदू चहा न घेताच गेला. तिने मला शपथ मोडल्याबद्दल एक अक्षर विचारलं नाही, आणि त्यानेच माझी गाळण उडाली. जी बाई आमटीत मीठ कमी आहे म्हटलं तर माझं खानदान काढते, ती गप्प बसली होती. मी मेलोच आहे असं धरून ती माझ्याशी सांभाळून बोलत होती.

मी म्हटलं, रत्नागिरीला जाऊन रक्त तपासून येतो. ती चुलीसमोर बसून लाकडं पुढे सारत होती.

"तपासलं आणि वाईट निघालं तर भिकाजीरावांना सांगावं लागेल," ती म्हणाली. "नाय सांगितलं तर पोरीचं लग्न लबाडीवर उभं राहील. माहीतच नसलं तर लबाडी कसली? अक्षता पडू देत. त्याच संध्याकाळी मी तुमच्यासंगती गाडीत बसते."

बाई असत्या तर त्यांनी आम्हा दोघांनाही कान धरून हॉस्पिटलात नेलं असतं, आणि ते बरोबर झालं असतं. पण बाई परळला होत्या आणि मुहूर्त आमच्या दारात होता. मी हो म्हटलं. त्यात त्याग वगैरे काही नव्हता. मला सुईची भीती होती, आणि त्या फोटोची त्याहून. आठवी, एकविसावी, आणि आता त्यावर आणखी कुठली तरी जोडी. मला मरायचं नव्हतं. मला राहीच्या लग्नात जेवायचं होतं आणि नंतर पुष्कळ वर्षं मालकाला शिव्या द्यायच्या होत्या.

लग्नापर्यंत मी रजा काढून गावातच होतो, आणि तेव्हापासून रोज सकाळी सावित्री मला न्हाणीत उभा करून तपासायची. मिरकरवाड्याला गिऱ्हाईक सुरमई उलटीपालटी करून बघतं ना, तशी. पोटऱ्या, मांड्या, पाठ. हिरड्या बोटाने दाबायची. नवा डाग नाही, रक्त नाही. पण खांद्यावरचं निळं ढिम्म हलत नव्हतं. मांडव पडला, पाहुणे आले, लाडू वळून झाले, आणि मी त्या उकाड्यात गळ्यापर्यंत बटणं लावून फिरत होतो. धाकूकाकांनी विचारलं की शिमग्यानंतर या वाडीत अंग झाकणारा तू पहिलाच, तुला झालंय काय? मी म्हटलं, पोरीचा बाप आहे, जरा वजन राखायला हवं.

हळदीच्या दिवशी मात्र माझं काही चाललं नाही. राहीला हळद लागली आणि उरलेली घेऊन माझ्या मेहुण्या माझ्यावर तुटून पडल्या. दोघींनी हात धरले, तिसरीने सदरा ओढून काढला, आणि निळं कोणाला दिसायच्या आत मानेपासून कमरेपर्यंत पिवळा करून सोडला. सगळा मांडव हसत होता. राहीसुद्धा, हळदीच्या तोंडाने, पोट धरून. मी तिच्याकडे बघत होतो आणि मनात म्हणत होतो, एवढे दोन दिवस, देवी, मग तुझा काय तो शिक्का मार.

सावित्री गर्दीतून आली, माझं मनगट धरलं आणि मला मागच्या न्हाणीत नेलं. घागरीतलं पाणी माझ्या अंगावर ओतलं. मग खोबरेल घेतलं आणि दोन्ही खांदे नारळाच्या सोडणाने घासायला लागली. आधी उजवा. तिथली हळद सुटली, काळं कातडं वर आलं. मग डावा. पुन्हा तेल, पुन्हा सोडण, पुन्हा पाणी. डावा काही उजळेना. तिने पदराने पुसलं. निळं नव्हतं. कडेला जरा हिरवट, आणि मध्ये पिवळं. हळद गेली होती तरी पिवळं.

मला माझा खांदा दिसत नव्हता, मी तिचं तोंड बघत होतो. ती वाकून माझ्या पोटऱ्या बघायला लागली, एक, मग दुसरी. परत खांदा. मग ती न्हाणीच्या दगडावर बसली.

"पिवळं पडलंय," ती म्हणाली. "म्हणजे तुमी खरंच पालखी उचललीत?"

"मग मी इतके दिवस काय सांगतोय गो?"

आणि मग ती सुटली. माझी शपथ घेतली होतीत, माझ्या गळ्याला हात लावून घेतली होतीत, पोरीचं लग्न तोंडावर आणि तुमाला नाचायला हवं, लाज नाय, शरम नाय, काडीची अक्कल नाय! रडत होती आणि दोन्ही मुठींनी मला मारत होती, नेमकी त्याच खांद्यावर, ज्याला ती इतके दिवस काचेसारखं जपत होती. मी तसाच उभा राहिलो. इतकं गोड भांडण माझ्या कानांवर आयुष्यात पडलं नव्हतं. राही धावत आली आणि दारातून विचारायला लागली, आये, काय झालं गो? सावित्री म्हणाली, काही नाही, तुझ्या बापसाला न्हाऊ घालतेय.

लग्न झालं. ठरल्याप्रमाणे आम्ही रत्नागिरीला जाऊन रक्त तपासून आलो, आणि ते चांगलं निघालं. दुखणं परत येणारच नाही असं बाईही म्हणत नाहीत, मी कोण म्हणणार? पण मला सांगायचंय ते व्याहीभेटीचं. अक्षता पडल्यावर भिकाजीरावांनी मला दोन्ही हातांनी कवटाळलं, आणि डाव्या खांद्यातून अशी कळ गेली की मी चारचौघांत "आये गो" म्हटलं.

भिकाजीरावांचा चेहरा उतरला. मी शब्द दिला होता, लपवायचं नाही. मी तिथल्या तिथे सदऱ्याची बटणं सोडली आणि खांदा उघडा केला. जुन्या पिवळ्यावर, मुठीएवढे दोन ताजे निळे डाग.

"हे दुखण्याचं नाही," मी म्हटलं. "परवा बायकोने मारलं."

त्यांनी डाग बघितले. मग पलीकडे उभ्या असलेल्या सावित्रीकडे बघितलं, आणि तिच्या शेजारी उभ्या असलेल्या राहीकडे. मग आवाज अगदी खाली आणून त्यांनी मला विचारलं, "हे पोरीत उतरतं का हो?"

"हे मात्र उतरतं," मी म्हटलं.